बाबांना इंडिपेंडंट डायरेक्टर व्हायची ऑफर आलीय, डी अँड ओ (डायरेक्टर आणि अधिकाऱ्यांच्या विम्याच्या) पॉलिसीवर किती भरवसा ठेवायचा?

मृण्मयी_चिंचवड

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल पण अर्धवट सांगून उपयोग नाही. माझे बाबा सरकारी बँकेतून डीजीएम म्हणून रिटायर झाले, सगळी नोकरी क्रेडिटमध्ये गेली. चाकणजवळ ऑटो पार्ट्स बनवणारी एक कंपनी आहे, मालक ओळखीतले, ते आता एसएमई आयपीओ (छोट्या कंपनीची पहिली शेअरविक्री) आणतायत आणि बाबांना म्हणाले साहेब तुम्ही बोर्डावर इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेला बाहेरचा संचालक, म्हणून या, वर्षात चार-पाच मीटिंगा, मीटिंगला २० हजार, बाकी ताप काही नाही. बाबांना घरी बसून कंटाळा आलाय त्यामुळे ते जवळजवळ हो म्हणालेच आहेत. आई मात्र ठाम विरोधात. तिचं म्हणणं, जेनसोल या सोलर आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं पेपरात वाचलं ना, त्यांचीही फॅक्टरी चाकणलाच होती, उद्या काही झालं तर पोलीस आपल्या दारात येतील.

मालकांना विचारलं तर त्यांचे सीएफओ म्हणाले की कंपनीची ५ कोटींची डी अँड ओ पॉलिसी आहे, साहेबांना एक रुपयाची झळ लागणार नाही. मला इन्शुरन्समधलं फारसं कळत नाही. ही पॉलिसी नेमकं काय देते? आणि आजकाल डायरेक्टर लोकांच्या मागे जे सेबी, जीएसटी, डेटा कायदा वगैरे लागतंय त्यात इंडिपेंडंट डायरेक्टर कितपत अडकतो? प्लीज ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी सांगा, घरात रोज यावरून वाद चाललेत.

सीएस_कर्वेनगर

मृण्मयी, मी कंपनी सेक्रेटरी आहे, प्रॅक्टिसमध्ये बऱ्याच एसएमई कंपन्या बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा काय म्हणतो ते. कंपनी कायदा २०१३ चं कलम १४९(१२) इंडिपेंडंट डायरेक्टरला बऱ्यापैकी संरक्षण देतं. कंपनीनं काही चुकीचं केलं तर तो जबाबदार कधी, तर ते बोर्डाच्या कामकाजातून त्याला माहीत होतं आणि त्याची संमती किंवा साथ होती, किंवा त्यानं पुरेशी काळजी घेतली नाही. मार्च २०२० मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयानं सर्क्युलरही काढलं की या गोष्टी दिसत नसतील तर इंडिपेंडंट आणि नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरांवर उगाच कारवाई करू नका. पण त्यातला 'पुरेशी काळजी घेतली नाही' हा भाग नीट वाचा, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. बाबा क्रेडिटमधले आहेत, त्यांना बॅलन्सशीट वाचता येते हे सगळ्या जगाला माहीत आहे, त्यामुळे 'मला समजलं नाही' हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकून घेणार नाही. सुप्रीम कोर्टानं १९७३ मध्येच तेंडोलकर केसमध्ये सांगितलंय की कारभार वरवर बघितला तरी जे कुणालाही दिसेल त्याकडे डायरेक्टरला डोळेझाक करता येत नाही.

आता आई जेनसोलचं म्हणतायत ते अगदी योग्य उदाहरण आहे. सेबीचा १५ एप्रिल २०२५ चा अंतरिम आदेश बाबांना पूर्ण वाचायला द्या. त्यात लिहिलंय की एनएसई या शेअर बाजाराचा अधिकारी ९ एप्रिलला चाकणच्या प्लांटवर गेला तर उत्पादन काहीच चालू नव्हतं, दोन-तीन मजूर होते फक्त. मग त्यानं विजेची बिलं मागितली तर आधीच्या वर्षभरातलं सगळ्यात मोठं बिल निघालं १,५७,०३७ रुपयांचं. आणि याच कंपनीनं जानेवारीत एक्स्चेंजला कळवलं होतं की ३०,००० इलेक्ट्रिक गाड्यांचं प्री-बुकिंग आलंय, तपासल्यावर ते नुसते एमओयू (प्राथमिक समजुतीचे करार) निघाले, ना किंमत ना डिलिव्हरीची तारीख. विजेचं बिल मागायला काय लागतं? बोर्डावरचा कुणीही ते मागू शकला असता. बाबांनी आयुष्यभर बँकेत स्टॉक इन्स्पेक्शन केलंय, तेच बोर्डावर करायचं, सही करण्याआधी फॅक्टरीत जायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आयपीओच्या आधी बोर्डावर येताय म्हणजे प्रॉस्पेक्टसवर (गुंतवणूकदारांना कंपनीची माहिती देणाऱ्या कागदपत्रावर) बाबांचं नाव आणि सही असणार. प्रॉस्पेक्टसमध्ये खोटं किंवा दिशाभूल करणारं काही निघालं तर कलम ३५ खाली त्या वेळचा प्रत्येक डायरेक्टर नुकसानभरपाई द्यायला जबाबदार धरला जाऊ शकतो, आणि कलम ३४ थेट ४४७ ला जोडलेलं आहे, म्हणजे फ्रॉड, मोठ्या रकमेच्या केसमध्ये १० वर्षांपर्यंत कैद आणि जामीनही सहज मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रॅफिकसोलच्या एसएमई आयपीओत सेबीनं गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले, कारण ज्या व्हेंडरकडून सॉफ्टवेअर घेणार म्हणून सांगितलं होतं तो व्हेंडरच नुसता कागदावरचा असल्याचं सेबीला आढळलं. तेव्हा आयपीओचे पैसे कशासाठी वापरणार हे पान बाबांनी स्वतः तपासावं, कोटेशन ज्यांच्याकडून आलंय त्यांना फोन लावावा, ऑफिस आहे का बघावं. यात कुणाचा अपमान होत नाही, होत असेल तर तिथे जायचंच नाही.

पॉलिसीबद्दल इथे विमावाले कुणी असतील ते सांगतील. मी एवढंच सांगते की टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना सेबीनं जानेवारी २०२२ पासून इंडिपेंडंट डायरेक्टरांसाठी डी अँड ओ घेणं सक्तीचं केलंय, एसएमई कंपनीला सक्ती नाही. म्हणजे आज पॉलिसी आहे, पुढच्या वर्षी मालकांनी खर्च वाचवायला बंद केली तर तुम्हाला कुणी विचारणारही नाही.

दादरचा_विमावाला

वर ताईंनी जे लिहिलंय त्याच्याशी सहमत. मी ब्रोकिंगमध्ये आहे, लायबिलिटी लाईनच बघतो, तेव्हा पॉलिसीचं बोलतो.

सीएफओ साहेब 'एक रुपयाची झळ नाही' म्हणाले, ते धरून चालू नका. डी अँड ओ मुख्यतः दोन गोष्टी देते, वकिलाचा खर्च आणि दिवाणी नुकसानभरपाई किंवा सेटलमेंट. सेबीनं लावलेला दंड बहुतेक वेळा मिळत नाही कारण तो कायद्यानं विम्यात बसत नाही, तुरुंगवासाला कुठलाच विमा नाही, आणि फ्रॉड केल्याचं शेवटच्या कोर्टात सिद्ध झालं तर दिलेले पैसेही परत मागतात. तरीही पॉलिसी फार मोलाची आहे, हे मी मनापासून सांगतो, कारण निर्दोष माणसालासुद्धा निर्दोष ठरेपर्यंत वकील लागतो. १४९(१२) चं संरक्षण आहे पण समन्स आलं की ते कोर्टात जाऊनच मिळवावं लागतं, हायकोर्टात क्वॉशिंगला, म्हणजे केस रद्द करून घ्यायला, जायचं म्हटलं की मोठा वकील, प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. रिटायर्ड माणसाची एफडी त्यात संपते.

आता ५ कोटींचं बघू. ही लिमिट वर्षाची, सगळ्यांची मिळून असते. त्यात प्रमोटर, एमडी, सीएफओ, सेक्रेटरी, सबसिडियरीचे डायरेक्टर, आणि साईड सी, म्हणजे कंपनीसाठीचं कव्हर, असेल तर कंपनी स्वतःसुद्धा. भानगड झाली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात महागडे वकील प्रमोटर लावतात. बाबांची पाळी येईपर्यंत लिमिटमध्ये काही उरेलच याची खात्री नाही. म्हणून साईड ए म्हणजे ज्या वेळी कंपनी डायरेक्टरला पैसे देऊ शकत नाही तेव्हाचं कव्हर, त्याला पेमेंटमध्ये पहिला नंबर आहे का ते बघा, आणि इंडिपेंडंट डायरेक्टरांसाठी वेगळी जादा लिमिट मिळते ती मागा.

दुसरं, ही पॉलिसी क्लेम्स-मेड असते. म्हणजे चूक कधी झाली यावर नाही तर दावा कधी आला आणि कधी कळवला यावर सगळं अवलंबून. बाबा २०२६ मध्ये बोर्डावर, २०२८ ला बाहेर पडले, नोटीस आली २०३१ ला, तर २०३१ ची पॉलिसी चालू असली पाहिजे. कंपनी बुडाली तर? रिन्यूअलचा प्रीमियम कोण भरणार? ज्या दिवशी पॉलिसीची सगळ्यात जास्त गरज असते नेमकी त्याच वेळी ती लॅप्स झालेली असते, मी हे माझ्या क्लायंटकडे बघितलंय, कंपनी दिवाळखोरीत एनसीएलटी या न्यायाधिकरणात गेली, तिथे कारभार बघायला नेमलेल्या रिझोल्युशन प्रोफेशनलच्या डोक्यात शंभर व्याप, रिन्यूअल राहून गेलं आणि दोन ज्येष्ठ डायरेक्टर वकिलाची फी घरातून भरत बसले. तेव्हा रन-ऑफ कव्हर, म्हणजे बाहेर पडल्यावर पुढची सहा-सात वर्षं, आणि तेही रिटायर्ड डायरेक्टरांना आपोआप मिळणारं, हे पॉलिसीत लिहिलेलं पाहिजे.

तिसरं, आयपीओ. साध्या डी अँड ओ पॉलिसीत बरेचदा पब्लिक ऑफरिंगचं एक्सक्लूजन असतं, म्हणजे आयपीओतले दावे कव्हरमधून वगळलेले असतात. त्यासाठी पॉसी नावाची वेगळी पॉलिसी असते, प्रॉस्पेक्टसमधल्या चुकांसाठी. बाबांची खरी रिस्क तीच आहे आणि मी पैजेवर सांगतो तीच त्यांच्या ५ कोटीत नसणार. पॉलिसीची कॉपी मागवा, एक्सक्लूजन आणि एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेले बदल) दोन्ही, नुसतं पहिलं पान नको.

मिरजेचे_अण्णा

पोरी, मी कंपनीवाला नाही, सहकारातला माणूस. आमच्या भागातल्या एका अर्बन बँकेवर संचालक होतो, नाव सांगत नाही. तुझ्या बाबांसाठी दोन शब्द लिहितो.

बँक अडचणीत आली आणि कलम ८८ ची चौकशी लागली. सहकार कायदा १९६० चं हे कलम असं आहे की संस्थेचं नुकसान ज्यांच्यामुळे झालं त्यांच्याकडून व्यक्तिशः वसुली, आणि संचालक वारला असला तर त्याची इस्टेट ज्यांना मिळाली त्या वारसांकडूनसुद्धा. आमच्यातल्या एका संचालकाच्या विधवेला नोटीस आली, तिला मीटिंगचा म सुद्धा माहीत नव्हता, नवरा जाऊन बराच काळ झालेला. ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हाताला कंप होता, ते मी विसरलो नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर एका मोठ्या कर्जाला मी विरोध केला होता, तारण कमी होतं म्हणून. चेअरमन म्हणाले अण्णा तोंडी सांगितलंत ना, झालं, इतिवृत्तात कशाला. मी म्हटलं नाही, शब्द न् शब्द लिहा, आणि पुढच्या मीटिंगला इतिवृत्त कायम करताना वाचून घेतलं. चौकशी अधिकाऱ्यासमोर तेच दोन ओळींचं इतिवृत्त उपयोगी पडलं, त्या कर्जातून माझं नाव निघालं. ज्यांनी तोंडी विरोध केला होता त्यांचं कुणी ऐकलं नाही. आम्हाला विमा वगैरे काही नव्हता. तुमच्याकडे आहे तर चांगलंच आहे, पण विमा वकिलाचं बिल भरेल, चौकशीत कागदच बोलतो.

सीएस_कर्वेनगर

अण्णा, तुमची पोस्ट मी आमच्या स्टडी सर्कलमध्ये वाचून दाखवणार आहे.

कंपन्यांतही अगदी हेच आहे. कंपनी कायद्याच्या शेड्यूल ४ मध्येच लिहिलंय की इंडिपेंडंट डायरेक्टरच्या शंकेचं निरसन झालं नाही तर ती मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) नोंदवायचा त्यानं आग्रह धरावा. सेक्रेटरियल स्टँडर्डप्रमाणे मीटिंगनंतर १५ दिवसांत ड्राफ्ट मिनिट्स प्रत्येक डायरेक्टरला यायला हवेत आणि पुढच्या ७ दिवसांत आपलं म्हणणं कळवायचं असतं. बहुतेक लोक हा मेल उघडत पण नाहीत. मृण्मयी, बाबांना म्हणावं त्या सात दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, स्वतःच्या ईमेलवरून, कंपनीच्या आयडीवरून नको, कारण बाहेर पडल्यावर कंपनीचा आयडी बंद होतो आणि सगळा पुरावा कंपनीकडेच राहतो.

मृण्मयी_चिंचवड

खूप खूप आभार सगळ्यांचे, अण्णा तुमचं वाचून आईच्या डोळ्यात पाणी आलं. पॉलिसी मागवली, तीन दिवस टाळाटाळ झाली मग पाठवली. दादरवाले दादा तुम्ही म्हणालात तसंच आहे, पब्लिक ऑफरिंगचं एक्सक्लूजन एन्डॉर्समेंटमध्ये आहे. शिवाय 'इन्शुअर्ड व्हर्सेस इन्शुअर्ड' असं काहीतरी आहे आणि सायबरचं पण एक्सक्लूजन दिसतंय. रन-ऑफचा उल्लेख आहे पण कंपनी विकली गेली तरच. कंपनीची जर्मनीला एक्सपोर्ट आहे, अमेरिकेत नवीन कस्टमर आलाय, आणि प्रॉस्पेक्टसच्या ड्राफ्टमध्ये एआय बेस्ड क्वालिटी इन्स्पेक्शन असा मोठा मजकूर आहे. बाबा म्हणतात मी शॉप फ्लोअरवर गेलो होतो, एक कॅमेरा आहे आणि दोन मुली डोळ्यांनी पार्ट तपासतात.

दादरचा_विमावाला

बाबा फॅक्टरीत जाऊन आले हे वाचून फार बरं वाटलं.

इन्शुअर्ड व्हर्सेस इन्शुअर्ड म्हणजे पॉलिसीतल्या एकानं दुसऱ्यावर केस केली तर कव्हर नाही. कंपनीनंच बाबांवर केस केली तर अडचण. मुख्य म्हणजे लिक्विडेटर किंवा रिझोल्युशन प्रोफेशनल कंपनीच्या नावानं डायरेक्टरांवर जातो, दिवाळखोरी कायद्याच्या कलम ६६ खाली, की कंपनी वाचणार नाही हे कळत असून किंवा कळायला हवं असून तुम्ही देणेकऱ्यांचं नुकसान कमी करायला काही केलं नाही. यासाठी अपवाद, म्हणजे कार्व्ह-बॅक, लिहून घ्यायला पाहिजे. शेअरहोल्डरनं केलेल्या केसलाही अपवाद हवा. कलम २४५ ची क्लास ॲक्शन आता नुसती पुस्तकात राहिलेली नाही, जिंदाल पॉली फिल्म्सच्या मायनॉरिटी शेअरहोल्डरांनी एनसीएलटीत ती टाकली. लिस्टेड कंपनीत १०० शेअरहोल्डर किंवा २ टक्के भांडवल एकत्र आलं की जाता येतं, आणि भरपाई थेट डायरेक्टरांकडूनही मागता येते. एसएमईत २ टक्के म्हणजे फार मोठी रक्कम नसते.

सायबरचं असं की २०२३ च्या डेटा कायद्यात सुरक्षा नीट न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो कंपनीवर आहे, डायरेक्टरवर नाही. पण तेवढा दंड लागला तर शेअर पडणार आणि शेअरहोल्डर विचारणार बोर्ड काय करत होतं. विमा कंपन्यांना धास्ती याच दुसऱ्या टप्प्याची आहे, म्हणून अंडररायटर (विमा कंपनीत जोखीम तपासणारे) आता प्रपोजल फॉर्ममध्ये विचारतात की सायबरवर बोर्डात शेवटची चर्चा कधी झाली. हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवावं लागतं, ते कोण कळवणार एवढं जरी बाबांनी पहिल्या मीटिंगला विचारलं तरी पुष्कळ.

आणि तो एआयचा मजकूर काढायला लावा. आजच. प्रॉस्पेक्टसमधलं ते वाक्य म्हणजे उद्याची नोटीस आहे.

रीडिंगकर

मी यूकेत फायनान्शियल लाईन्समध्ये काम करतो. एआयवर दादरकरांना दुजोरा. अमेरिकेत एसईसी या तिथल्या शेअर बाजार नियामकानं मार्च २०२४ मध्ये दोन इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर कंपन्यांना याच कारणासाठी मिळून ४ लाख डॉलर भरायला लावले, एआय वापरतो म्हणाले आणि तसं वापरत नव्हते. आमच्याकडे तेव्हापासून एआयचे दावे सरळ प्रश्नावलीत आलेत.

पॉलिसीत टेरिटरी आणि ज्युरिस्डिक्शन बघा. भारतातल्या छोट्या पॉलिसीत बरेचदा 'जगभर, अमेरिका-कॅनडा सोडून' असतं. नवीन कस्टमर अमेरिकेचा आहे म्हणता तर हे आत्ताच सोडवा. यूकेत सबसिडियरी किंवा धंदा असता तर सप्टेंबर २०२५ पासूनचा फेल्युअर टू प्रिव्हेंट फ्रॉडचा (फसवणूक न रोखल्याचा) गुन्हाही बघावा लागला असता, पण तो मोठ्या कंपन्यांना आहे, तुम्हाला सध्या नको.

स्पष्टवक्ता_नगर

इतकं सगळं करायचं तर २० हजारासाठी जायचंच कशाला? सरळ नाही म्हणा. मालक पळतात परदेशात, सापडतो तो असा साधा माणूस. सरकारी बँकेची पेन्शन आहे, नातवंडांत रमा म्हणावं.

सीएस_कर्वेनगर

तुमची काळजी समजते, पण मला हे पटत नाही. बॅलन्सशीट वाचता येणारी, प्लांटवर जाऊन कॅमेरे मोजणारी माणसं नाही म्हणाली तर त्या खुर्चीत मालकाचा मेहुणा नाहीतर गावाकडचा मित्र बसतो, आणि मग ज्यांनी आयपीओत पैसे घातलेत त्या लहान माणसांकडे बघणारं बोर्डात कुणीच राहत नाही. बाबांनी जावं की नाही हे या मालकांवर ठरवायचं, सगळ्याच बोर्डांना नाही म्हणून नाही. त्यांनी एआयचा मजकूर काढला का, पॉलिसी दुरुस्त केली का, यावर कळेलच ते.

बाकी दोन-तीन गोष्टी पटापट. चेकवर सहीचा अधिकार अजिबात घेऊ नये, चेक बाउन्सच्या १३८ च्या केसमध्ये सही करणारा पहिला अडकतो. जीएसटी आणि इन्कम टॅक्सची थकबाकी डायरेक्टरकडून वसूल करायची तरतूद प्रायव्हेट कंपनीसाठी आहे. ही कंपनी आयपीओसाठी नुकतीच पब्लिक झाली असणार, तेव्हा प्रायव्हेट असतानाचे ड्यूज किती ते विचारून ठेवा. आणि इंडिपेंडंट डायरेक्टरांच्या डेटा बँकेत नोंदणी करून ऑनलाइन परीक्षा द्यावी लागेल, ५० टक्क्यांना पास, बाबांना अवघड नाही.

मृण्मयी_चिंचवड

अपडेट देते. बाबांनी मालकांना तीन पानी मेल पाठवला, बँकेच्या सँक्शन लेटरसारखा, अटी घालून. एआयचा मजकूर काढायला ते लगेच तयार झाले. पॉसी पॉलिसी घ्यायला मर्चंट बँकरशी बोलतो म्हणाले. रन-ऑफ आणि वेगळी लिमिट यावर सीएफओ कुरकुरतायत, प्रीमियम वाढेल म्हणून. बाबा म्हणतात हे लेखी आल्याशिवाय कन्सेंट फॉर्मवर सही नाही. आई आता त्यांच्या बाजूनं आहे, पण तिचा एक प्रश्न आहे, मध्येच पटलं नाही तर बाहेर पडता येतं ना?

सीएस_कर्वेनगर

येतं. कलम १६८ प्रमाणे लेखी राजीनामा द्यायचा, कंपनीला मिळाला त्या दिवसापासून किंवा पत्रात दिलेल्या तारखेपासून, जे नंतरचं असेल तेव्हा लागू. मंजुरीची वाट बघायची नसते. कंपनीनं ३० दिवसांत डीआयआर-१२ फॉर्म भरायचा असतो, तो भरला का हे कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर स्वतः बघायचं, आणि बाबांनी आपल्या बाजूनं डीआयआर-११ भरून टाकावा, कंपनीवर विसंबू नये. राजीनाम्यात खरं कारण लिहायचं, 'वैयक्तिक कारणास्तव' नको, कारण त्या काळातल्या गोष्टींची जबाबदारी राजीनाम्यानं जात नाही आणि उद्या विचारलं की काय दिसलं म्हणून बाहेर पडलात, तर ते पत्रच दाखवावं लागतं. कन्सेंट म्हणजे डीआयआर-२, आणि अपॉइंटमेंट लेटरमध्ये डी अँड ओ चा उल्लेख असावा असं शेड्यूल ४ सांगतं, तर रन-ऑफची अट त्याच पत्रात घालून घ्या. ड्राफ्ट आला की इथे नावं काढून टाका, मी आणि दादरवाले बघून देऊ.